तिरफळाची पुडी मस्कतला का जाते? छोट्या सुखांमागचं विज्ञान

मे संपत आला की दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत बॅगा भरायचं काम निघतं. कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा नवरा कुवेतला, कुणी बोटीवर, हल्ली कुणाची लेक जर्मनीत नाहीतर कॅनडात. बॅगेत जातं काय तर आमसुलं, माशांच्या आमटीत घालायची तिरफळं, कुळथाचं पीठ, सुकट, फणसपोळी, घरी दळून आणलेला मसाला, आणि वजन जास्त झालं की शर्टपँटी बाहेर निघतात पण मसाला निघत नाही. आखातातल्या दुकानांत यातलं निम्मं सामान मिळतं हे भरणाऱ्यालाही माहीत असतं आणि नेणाऱ्यालाही, तरी पुडी जातेच.

याला आपण "आठवण" म्हणतो आणि विषय संपवतो. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सुखावर जो रिसर्च झालाय तो वाचायला घेतला की लक्षात येतं, लांब राहणाऱ्या माणसाचा रोजचा दिवस बरा जाणं हे अशाच बारीकसारीक गोष्टींवर खूप अवलंबून असतं, आणि त्याची कारणं आपल्या मेंदूच्या रचनेतच आहेत. छोटं सुख म्हणजे मोठं मिळालं नाही म्हणून करून घेतलेलं समाधान, असं आपल्याकडे धरून चालतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही तेच इथे लिहितेय.

सुरुवात पैशापासून करते कारण माणूस बाहेर जातो तो बहुतेक वेळा पैशासाठीच, आणि त्यात वावगं काहीच नाही, कौलं जाऊन स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न होतं, बागेचं कर्ज फिटतं. पण पहिला पगार हातात आला तेव्हा जे वाटलं ते दोन वर्षांनी वाटत नाही, हे कुठल्याही आखातवाल्याला विचारा. 1978 साली मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेले 22 जण गाठले आणि त्याच भागातले लॉटरी न लागलेले 22 जण घेतले, आणि दोघांनाही विचारलं की सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा, टीव्ही बघणं, कुणी केलेलं कौतुक, यातून तुम्हाला किती आनंद मिळतो. लॉटरीवाले एकूण सुखात बाकीच्यांच्या फारसे पुढे नव्हतेच, आणि नाश्ता-गप्पांमधला त्यांचा आनंद तर चक्क कमी निघाला.

अभ्यास लहान आहे, 22 माणसांवर फार मोठं काही ठरवू नये. 2020 मध्ये स्वीडनमधल्या हजारो लॉटरीवाल्यांचा बराच मोठा अभ्यास आला आणि त्यात चित्र जरा वेगळं दिसलं. ज्यांना जास्त पैसे लागले ते "एकंदर आयुष्य कसं चाललंय" या प्रश्नाला जास्त मार्क देत होते आणि हे समाधान दहा वर्षांनंतरही टिकून होतं. पण "आनंदी आहात का" या प्रश्नावर फरक खूपच कमी. म्हणजे आयुष्याबद्दलचं समाधान आणि आजचा दिवस कसा गेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पैसा पहिल्या गोष्टीला चांगली मदत करतो, दुसरीला तेवढी नाही. बाहेर गेलेल्या आपल्या माणसांचं हेच होतं. गावातलं घर बांधून झाल्याचं समाधान अगदी खरं असतं आणि तरीही शुक्रवारची सुट्टी कशी घालवायची हा प्रश्न तसाच उरतो.

मोठ्या गोष्टीची सवय इतक्या लवकर का होते त्याचं एक उत्तर मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मिळालं. माकडाला अचानक फळाचा रस दिला की मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात सिग्नल देतात. पण रस येण्याआधी दरवेळी दिवा लागायला लागला की थोड्या दिवसांनी त्या पेशी दिव्याला सिग्नल देतात, रस आला तरी गप्प. आणि दिवा लागून रस आलाच नाही तर त्यांचा नेहमीचा सिग्नलसुद्धा खाली जातो. हे काम 1990च्या दशकातलं, आणि 2017 मध्ये त्याबद्दल शुल्ट्झ यांना आणखी दोन शास्त्रज्ञांसोबत मेंदूविज्ञानातलं मोठं पारितोषिक मिळालं. सार एवढंच की या पेशी मोजतात ते अपेक्षेपेक्षा किती जास्त मिळालं ते. ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार आला तर त्यांच्या दृष्टीने नवीन काही घडलेलंच नाही. याउलट मस्कतच्या मासळी बाजारात ध्यानीमनी नसताना ताजी तारली दिसली तर...

माझा धाकटा भाऊ मस्कतला असतो, त्याचा अशा दिवशी फोन येतो तेव्हा आवाजावरूनच कळतं. "ताई गो, तारली मिळाली!" एवढंच वाक्य असतं. त्याच आठवड्यात त्याला पगारवाढ मिळाली होती, ती त्याने फोन ठेवता ठेवता सांगितली.

इथे एक सांगायला हवं, कारण डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे छापून येतं आणि ते बरोबर नाही. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी दाखवलं की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती मिळाल्यावर आवडणं हे मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी चालतं. त्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं, ते उंदीर समोर ठेवलेलं अन्न खायला तोंडसुद्धा पुढे करेनात, पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की आधीसारखेच जीभ बाहेर काढून चाटायचे. हव्यास गेला, गोडी शाबूत राहिली. उलटपण होतं, डोपामिन भरपूर असेल तर माणूस एखाद्या गोष्टीच्या मागे धावत राहतो आणि मिळाल्यावर फार काही वाटत नाही. आवडण्याची जी केंद्रं मेंदूत सापडली ती आकाराने अगदी लहान आहेत, उंदरात एखाद्या घन मिलिमीटरची, आणि तिथे मुख्य काम डोपामिनऐवजी मेंदूतच तयार होणारी अफूसारखी रसायनं करतात.

मला हा शोध परदेशात राहणाऱ्यांसाठी फार महत्त्वाचा वाटतो. रात्री शिफ्ट संपवून खोलीवर आलेला माणूस मोबाइलवर प्लॉटचे भाव, दुसऱ्याच्या गाड्या, दुसऱ्याच्या सहली बघत तास-दोन तास घालवतो, तेव्हा त्याचा मेंदू हवं-हवं म्हणत असतो, आवडण्याचा भाग त्यात फारसा जागा होतच नाही. आणि मऊ भातावर तूप-मेतकूट घालून कालवलेला पहिला घास तोंडात गेला की दहा सेकंदांसाठी का होईना तो भाग पूर्ण जागा होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांनी 1991 मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या लेखात हेच वेगळ्या बाजूने मांडलंय, की कोण किती सुखी हे त्याला किती जोराचा आनंद होतो यापेक्षा किती वेळा बरं वाटतं यावरून जास्त चांगलं कळतं. वर्षातून एकदा गणपतीला गावी येणं हा जोराचा आनंद. पण उरलेले अकरा महिने असतात ना, ते कशावर काढायचे, तर या दहा-दहा सेकंदांवर.

आता वास. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते वासाबद्दलच.

डोळ्यांनी बघितलेलं, कानांनी ऐकलेलं, त्वचेला लागलेलं सगळं आधी मेंदूच्या मधल्या थॅलॅमस नावाच्या भागात जातं आणि तिथून पुढे. वासाचं तसं नाही. नाकाच्या छतावरच्या पेशींकडून सिग्नल मेंदूतल्या वासाच्या कंदात जातो आणि तिथून थेट भावनांच्या आणि आठवणींच्या भागाच्या दाराशी, थॅलॅमसला न विचारता. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या रिसेप्टरचे साधारण 400 प्रकार आहेत, ही रिसेप्टरची मोठी फौज लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली आणि 2004 चं नोबेल मिळवलं. आणि स्वीडनमध्ये 2006 साली म्हाताऱ्या माणसांवर एक अभ्यास झाला, त्यांना एखादा शब्द किंवा चित्र दाखवलं तर आठवणी यायच्या त्या बहुतेक अकरा ते वीस वर्षं वयातल्या, पण वास दिला तर आठवण थेट दहा वर्षांच्या आतली. आजीच्या चुलीच्या, पडवीत रचलेल्या भाताच्या पोत्यांच्या, आंब्याच्या अढीच्या वयातली. म्हणून तर फोटोंचा अल्बम बघून जे होत नाही ते पुडी उघडल्यावर होतं.

आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा हिस्साही वासच असतो, चावताना घशाच्या मागून नाकात वर चढलेला. जीभ आंबट-गोड-खारट-कडू असलं सांगते, बाकी बरंचसं नाक. सर्दीत सोलकढी नुसती आंबट लागते ती यामुळे.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतात ते घ्या. काळं बी काढून टाकायचं, वरचं टरफल जरा ठेचून आमटीत सोडायचं, खायचं नाही. त्याची झिणझिण जिभेला लागते ती चव पण नाही आणि तिखटपणा पण नाही, ती स्पर्शाची गंमत आहे. 2013 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी चीनचं सिचुआन मिरं लोकांच्या ओठांवर लावलं आणि बोटावर एक कंपन करणारं यंत्र ठेवून विचारलं, ओठांवरची झिणझिण यातल्या कुठल्या वेगाशी जुळते? उत्तर आलं सेकंदाला साधारण 50 कंपनं. म्हणजे ते मिरं आपल्या कंपन ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच उठवतं, काही हलत नसताना. सिचुआन मिरं, जपानचं सान्शो आणि आपलं तिरफळ ही तिन्ही झँथॉक्सायलम या एकाच घराण्यातली. टोकियोत राहणाऱ्याची पुडी संपली असेल तर तिथल्या कुठल्याही किराणा दुकानात तिरफळाचं भावंड मसाल्याच्या फळीवर बसलेलं आहे, वास थोडा वेगळा, लिंबाकडे झुकणारा, पण झिणझिण ओळखीची.

अशा ओळखी शोधायला लागलं की खूप सापडतात, आणि परदेशातलं सुख वाढवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे असं मला मनापासून वाटतं. आंबेमोहोर शिजताना जो वास घरभर होतो तो मुख्यतः एका रेणूचा, त्याचं नाव टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन, बासमतीत तोच, आणि सिंगापूर-मलेशियात भातात, केकमध्ये घालतात त्या पांडनच्या पानातही तोच. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे पाव भट्टीतून काढल्यावर त्याच्या खरपूस कडेला जो वास येतो त्यातही हा रेणू असतो. माझी आत्येबहीण जर्मनीत आहे, तिच्या रस्त्यावर सकाळी बेकरी उघडते आणि तिला तिथून जाताना उगाच भूक लागल्यासारखं होतं, घरच्यासारखं वाटतं, तिला मी हे सांगितलं तेव्हापासून ती मुद्दाम त्याच रस्त्याने ऑफिसला जाते.

हापूसचं पण तसंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर वर्षानुवर्षं काम झालंय, देवगडचा, वेंगुर्ल्याचा, दापोलीचा आंबा वेगवेगळा तपासून. पिकलेल्या हापूसच्या वासात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन गटातली रसायनं महत्त्वाची, आणि यातलं फ्युरॅनिऑल नावाचं रसायन स्ट्रॉबेरीत आणि अननसातही असतं. म्हणून जूनमध्ये युरोपात पूर्ण पिकलेली, तिथल्याच शेतातली स्ट्रॉबेरी मिळाली तर डोळे मिटून वास घेऊन बघा. आंबा नव्हेच तो. पण त्या गोड, जरा साखर करपल्यासारख्या वासाला आपल्या मेंदूत आधीपासून जागा आहे.

माशांच्या आमटीत आमसुलं का, त्यालाही कारण आहे आणि ते परदेशातल्या स्वयंपाकाला उपयोगी आहे. समुद्रातल्या माशांच्या अंगात खाऱ्या पाण्याशी तोल राखायला एक रसायन असतं, मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमिन करतात, आणि मासळीचा जो उग्र वास म्हणतो तो याचा. आंबटाशी गाठ पडली की हे रसायन क्षारात बदलतं आणि मग ते हवेत उडत नाही, म्हणजे नाकापर्यंत येत नाही. आमसुलातलं आम्ल हेच काम करतं. शेजाऱ्यांची तक्रार येईल म्हणून फ्लॅटमध्ये मासे करायलाच घाबरणारी मंडळी मला माहीत आहेत, त्यांनी मासा आधी कोकमाच्या आगळात नाहीतर लिंबाच्या रसात ठेवावा आणि मग बिनधास्त करावा. कारण मासे सोडले तर आपल्याकडच्या माणसाचं अर्धं सुख गेलं.

आखातात तर मासे परके नाहीतच, समुद्रच एक आहे. ओमानच्या किनाऱ्यावर पकडतात ती तारली आणि आपल्याकडची तारली एकाच जातीची. सुरमई तिथे किंगफिश म्हणून विकतात. कुवेतमध्ये झुबैदी म्हणून ज्याचं कौतुक चालतं ते आपलं पापलेट. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यातला मोठा भाग डायमिथाइल सल्फाइड या वायूचा, पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमधून निघणाऱ्या रसायनाचे जिवाणू तुकडे करतात तेव्हा तो तयार होतो. मस्कतच्या मत्रह बंदराच्या धक्क्यावर उभं राहिलं की नाकात जातो तोच वायू गुहागरच्या किनाऱ्यावर जातो.

आणि पाऊस! जून-जुलैमध्ये आखातात उन्हाने जीव जात असतो तेव्हा ओमानच्या दक्षिणेला, सलालाहला, डोंगर हिरवेगार असतात. आपल्याकडे येणारे तेच नैऋत्य मोसमी वारे तिथल्या किनाऱ्याला समांतर वाहतात, त्यांनी वरचं पाणी बाजूला सारलं की खालचं गार पाणी वर येतं, आणि त्यावरून आलेली दमट हवा थंड होऊन डोंगरांवर धुकं आणि भुरभुर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर. तिथे नारळ आहेत, केळी आहेत, रस्त्याच्या कडेला शहाळी विकायला असतात. मस्कत-दुबईतले कोकणी लोक तासन्‌तास गाडी हाकत तिथे जातात ते नुसतं भिजायला, त्यात मला काहीच नवल वाटत नाही.

पहिल्या पावसाच्या वासात जो जिओस्मिन नावाचा रेणू असतो तो मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू बनवतात, आणि माणसाचं नाक त्या बाबतीत फार तीक्ष्ण आहे, लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की थेंब मातीवर आपटला की त्याच्या खाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि मातीतले कण हवेत उडवतात, मुसळधार पावसापेक्षा हलक्या-मध्यम सरीत हे जास्त होतं. हे जिवाणू जगभरच्या मातीत आहेत. रत्नागिरीच्या जांभ्याचा वास वेगळा, त्यात इतरही शंभर गोष्टी असतात, पण लंडनच्या बागेत उन्हाळ्यातली पहिली सर पडल्यावर खिडकी उघडली तर हा एक धागा तिथेही हाताला लागतो. फक्त खिडकी उघडावी लागते.

म्हणजे लक्ष द्यावं लागतं, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2250 लोकांना मोबाइल ॲपवरून दिवसात कधीही विचारलं, आत्ता काय करताय, मन त्यात आहे का, आणि कसं वाटतंय. जवळपास 47 टक्के वेळा मन भलतीकडेच होतं, आणि मन भलतीकडे असताना लोक कमी आनंदी होते. परदेशात तर मन भलतीकडे जायला हक्काची जागा असते, गाव. आईने पाठवलेल्या कुळथाची पिठी ताटात आणि डोळे मोबाइलवर, असं जेवण झालं तर पिठी आली काय नि न आली काय. मी भावाला निक्षून सांगते, घरचं खाशील तेव्हा मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव.

पुडी पुरवून वापरायची आपल्या लोकांची जी पद्धत असते तिलाही विज्ञानाचा आधार आहे. 2013 मध्ये जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी काही लोकांना आठवडाभर चॉकलेट बंद केलं, काहींना भरपूर देऊन खायला लावलं, आठवड्याने सगळ्यांना एकेक तुकडा दिला तेव्हा बंद असलेल्यांना तो जास्त आवडला. 2008 च्या एका अभ्यासात मालिश चालू असताना मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं तर लोकांना ते न थांबता केलेल्यापेक्षा जास्त सुखाचं वाटलं. त्याच अभ्यासात उलटी बाजूही होती, त्रासदायक आवाज मध्ये थांबवून परत लावला तर त्रास वाढतो. म्हणून भांडी, इस्त्री, व्हिसाचे कागद ही कामं एका बैठकीत उरकावीत, आणि फणसपोळी एकदम संपवू नये.

आता आठवणींबद्दल. घराची ओढ हा एके काळी रोग मानला जायचा, 1688 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या योहानेस होफर यांनी तिच्यावर वैद्यकीय प्रबंध लिहिला. आजचं चित्र वेगळं आहे. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या मंडळींनी 2006 पासून दाखवलंय की एकटं वाटलं की माणूस जुन्या दिवसांत जातो, आणि तिथून परत येतो तेव्हा आपली माणसं आहेत, आपण कुणाचे तरी आहोत ही भावना वाढलेली असते. म्हणजे सुकट भाजताना डोळे भरून आले तर काही बिघडलेलं नाही. पण सगळं सुख फक्त गावाकडचंच असावं हा हट्ट मला बरोबर वाटत नाही. वीस वर्षं एका शहरात काढली आणि तिथल्या एका फळाची चव माहीत नाही, एका झाडाचं नाव माहीत नाही, असे लोक आहेत, आणि मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटतं कारण मेंदूला हवं असणारं नवं, अनपेक्षित असं सगळं तिथे दाराबाहेर होतं.

माणसांच्या बाबतीत पण हेच. 2014 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका कॉफीच्या दुकानात जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांनी काही गिऱ्हाइकांना सांगितलं की काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसा, दोन शब्द बोला, आणि काहींना सांगितलं पटकन पैसे द्या आणि निघा. दोन शब्द बोललेले जास्त खुशीत बाहेर पडले. किराणावाला केरळचा चेट्टा, रोट्या भाजणारा पठाण, बसचा ड्रायव्हर, यांच्याशी रोज एक वाक्य. कोकणातला माणूस एस्टीत शेजारी बसलेल्याची सगळी कुंडली उतरेपर्यंत काढतो, त्याला हे शिकवायला नको, परदेशात गेल्यावर तो गप्प का होतो कुणास ठाऊक.

घरच्यांशी बोलायचं तर बोलायचंच, टायपायचं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर यांनी 2010 मध्ये 7 ते 12 वर्षांच्या 61 मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावून टेन्शन दिलं. नंतर काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींना फक्त आईचा फोन आला, काहींनी साधा व्हिडिओ बघितला. नुसत्या आवाजाने मुलींचं ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेलं हार्मोन, जवळजवळ आईच्या मिठीइतकं वाढलं. पुढच्या 2012 च्या प्रयोगात आईने तोच दिलासा मेसेज टाइप करून दिला, तर टेन्शनचं हार्मोन कमी झालंच नाही. मुली लहान होत्या, मोठ्यांना हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण गुड मॉर्निंगची फुलं पाठवण्यापेक्षा तीन मिनिटं बोललेलं बरं हे मी यावरून घेते.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. पगार अडकलाय, पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलाय, झोप नाही, जेवण नकोसं झालंय, जगणंच नको वाटतंय, अशा वेळी तिरफळ आणि पाऊस पुरत नाहीत, आणि "छोट्या गोष्टींत सुख मान" असं अशा माणसाला सांगणं क्रूरपणा आहे. तिथे आपली वकिलात आहे, परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जायचं आणि लवकर जायचं.

बाकी रोजच्या दिवसांसाठी इकडे किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्यालाही एक काम आहे. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी 2004 मध्ये दाखवलं की चांगली घडलेली गोष्ट दुसऱ्याला सांगितली की त्या गोष्टीचा आनंद आणखी वाढतो, आणि ऐकणारा खरा रस घेऊन ऐकत असेल, खोदून विचारत असेल, तर जास्तच. "बरं बरं" म्हणून पुढे गेलं की तो वाढलेला भाग मिळत नाही. आमच्या आईचा पहिला प्रश्न नेहमी "येणार कधी?" आणि दुसरा "पैसे पुरतायत ना?", काळजीच असते ती, पण भाऊ त्यावर दोन शब्दांत उत्तर देतो आणि कॉल संपतो. तारलीच्या दिवशी मी फोन तिच्याकडे दिला आणि कानात सांगितलं की पैशाचं नको, माशांचं विचार. मग तिने विचारलं, कितीची घेतलीस, गाभोळी होती का, आटवलीस की तळलीस, आमसुलं किती घातलीस, आणि तो अर्धा तास बोलत राहिला.